अठपैलू मेज: अष्टकोनी पिकनिक टेबलाची मापे, लाकूड आणि सांधे

अष्टकोनी पिकनिक टेबल म्हणजे आठ बाजूंचे मेज आणि त्याच सांगाड्याला जखडलेला आठ बाजूंचा बाक, अशी एकसंध लाकडी वस्तू. ती उघड्यावर, उन्हापावसात राहते. तिच्यासाठी खुर्च्या आणाव्या लागत नाहीत आणि तिचे बाक कोणी उचलून नेऊ शकत नाही. मेज आणि बाक एकत्र बांधण्याची कल्पना अमेरिकेतली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तिथे अशा टेबलांची पेटंटे घेतली गेली. पुढे महामंदीत, १९३३ ते १९४२ या काळात, ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या सरकारी योजनेतल्या तरुणांनी उद्यानांत आणि वनांत सहलीच्या जागा उभारल्या, तेव्हा हे टेबल देशभर ओळखीचे झाले. ते टेबल लांबट होते: दोन टोकांना फुलीसारखे पाय, मधे फळ्या आणि दोन बाजूंना दोन बाक. अष्टकोनी टेबल त्याच कुळातले. फुरसतीत सुतारकाम करणारे लोक ते आवर्जून करून पाहतात. आज ते घरामागच्या अंगणात, शाळेच्या आवारात, शेतघरासमोर आणि कृषी पर्यटनाच्या जागी दिसते.

आठच बाजू का, हा पहिला प्रश्न. याचे उत्तर माणसाच्या अंगाच्या मापात आहे. जेवताना एका माणसाला कोपरे न लागता बसायला सुमारे ६० सेंमी रुंदी लागते. मेजाची प्रत्येक बाजू ६० सेंमी धरली की बाजूंच्या संख्येवरून मेजाचा घेर ठरतो. सहा बाजूंच्या मेजाची समोरासमोरच्या दोन बाजूंमधली रुंदी १०४ सेंमी भरते, आठ बाजूंची १४५ आणि दहा बाजूंची १८५. म्हणजे काठापासून मध्य अनुक्रमे ५२, ७२ आणि ९२ सेंमीवर येतो. बसल्या जागेवरून थोडे पुढे झुकले तर ७२ सेंमीवरचे भांडे हाती लागते. ९२ सेंमीवरचे भांडे घ्यायला उठावे लागते. सर्वांना मधल्या पातेल्यापर्यंत हात पोचवता यावा आणि तरीही जास्तीत जास्त माणसे बसावीत, अशी अट घातली तर आठ ही जवळजवळ शेवटची संख्या ठरते. लांबट टेबलावर आठ माणसे बसली तर एका टोकाचे बोलणे दुसऱ्या टोकाला नीट ऐकू जाईलच असे नाही. अष्टकोनात प्रत्येकाला इतर सातही जणांची तोंडे दिसतात. गोल मेजातही हा गुण आहे, पण गोलासाठी लाकूड वळणाने कापावे लागते. अष्टकोनातला प्रत्येक काप सरळ असतो.

अष्टकोनाच्या बाजूने आणखी एक जुना युक्तिवाद आहे. ओर्सन फाउलर या अमेरिकी लेखकाने १८४८ मध्ये अष्टकोनी घरांचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले आणि तिकडे अशा घरांची लाट आली. तेवढ्याच लांबीच्या भिंतींत चौकोनापेक्षा अष्टकोनात सुमारे एक पंचमांश जागा जास्त मावते, हा त्याचा मुख्य मुद्दा. गणित बिनचूक आहे, पण मेजाला ते उलटे लागते. घरात माणसे आत राहतात, मेजाभोवती ती काठावर बसतात. मेजाला काठ हवा असतो, मधली जागा नव्हे. त्यामुळे अष्टकोनी मेज काटकसरीचे असते ही समजूत बरोबर नाही. आठ माणसांच्या लांबट टेबलाचा वरचा भाग २४० बाय ७५ सेंमी, म्हणजे १.८ चौरस मीटर होतो. अष्टकोनाचा पावणेदोनच्या आसपास येतो. इथवर बरोबरी आहे. पण लांबट टेबलाच्या दोन बाकांना मिळून सुमारे १.३५ चौरस मीटर फळी लागते, तर अष्टकोनी बाकाला पावणेदोन. शिवाय कापांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. हे टेबल करायचे ते एकत्र बसण्याच्या सुखासाठी.

मापे एकदा नीट मांडली की पुढचे काम सोपे होते, म्हणून ती सविस्तर पाहणे योग्य. नियमित अष्टकोनात आतला प्रत्येक कोन १३५ अंशांचा आणि मध्याशी प्रत्येक बाजूने केलेला कोन ४५ अंशांचा असतो. दोन फळ्या कोपऱ्यात भिडवायच्या तर प्रत्येकीचे टोक सरळ कापापासून २२.५ अंश तिरपे कापावे लागते. समोरासमोरच्या बाजूंमधल्या रुंदीला ०.४१४ ने गुणले की एका बाजूची लांबी मिळते आणि १.०८२ ने गुणले की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर. १४५ सेंमी रुंदीच्या मेजाची बाजू ६० सेंमी आणि कोपऱ्यांतले अंतर १५७ सेंमी येते. मेजाची उंची ७५ सेंमी आणि बाकाची ४५ सेंमी ठेवावी. लहान मुलांची शाळा असेल तर दोन्ही मापे कमी करावीत, पण दोहोंमधला फरक फार घटवू नये, नाहीतर मांड्या मेजाखाली अडकतात. मेजाचा काठ आणि बाकाचा आतला काठ यांत साडेनऊ-दहा सेंमी मोकळे सोडले आणि बाक साडेअठ्ठावीस सेंमी रुंद धरला, तर बाकाची आतली बाजू ६८ सेंमी आणि बाहेरची जवळजवळ ९२ सेंमी होते. सगळ्या टेबलाची रुंदी २२१ सेंमी आणि कोपऱ्यांतून २३९ सेंमी. माणसाला मागून जायला जागा सोडली तर साडेतीन मीटर चौरसाचे अंगण हवे. अनेक जण फक्त मेजाचे माप बघून काम सुरू करतात आणि तयार टेबल गच्चीच्या दारातून आत जात नाही.

फळ्यांची रुंदी ठरवतानाही हेच गणित कामी येते. अमेरिकेत ‘टू बाय सिक्स’ म्हणून विकली जाणारी फळी प्रत्यक्षात ३८ बाय १४० मिमी भरते, कारण नावातले माप रंधण्यापूर्वीचे असते. तिथल्या बहुतेक आराखड्यांत हीच फळी गृहीत धरलेली असते. आपल्याकडे वखारीत किंवा सॉ मिलमध्ये लाकूड घनफुटाने घेऊन हवे तसे चिरून मिळते, पण १४० मिमीचे माप मुद्दाम उचलण्यासारखे आहे. मेजाचा वरचा भाग एकात एक बसणाऱ्या अष्टकोनी कड्यांनी भरायचा आणि दोन कड्यांत ६ मिमी फट सोडायची, असे ठरवले तर प्रत्येक आतले कडे १४६ मिमीने आत सरकते आणि त्याच्या फळीची लांब कड १२१ मिमीने कमी होते. बाहेरून आत येताना लांब कडा अशा येतात: ६००, ४७९, ३५८, २३७ आणि ११६ मिमी. पाचव्या कड्यात फळी उरत नाही, आठ त्रिकोण उरतात आणि ते मध्यात बिंदूला बिंदू भिडतात. ६० सेंमीची बाजू आणि १४० मिमीची फळी यांचा मेळ इतका चपखल बसतो.

हे पाचवे कडे मात्र न करणेच बरे. आठ टोकदार त्रिकोण एका बिंदूत आणणे अवघड असते, आणि आणले तरी पहिल्या पावसाळ्यात ती टोके वर उचलली जातात. त्याऐवजी मधे एकाच फळीचा किंवा दोन फळ्या जोडून केलेला छोटा अष्टकोन बसवावा आणि छत्रीच्या दांड्यासाठी त्यात साडेचार सेंमीचे भोक पाडावे.

वरच्या भागाची दुसरी पद्धत अगदी साधी आहे. सर्व फळ्या समांतर ठेवून सांगाड्यावर ठोकायच्या, वर अष्टकोन आखायचा आणि कडेने कापून टाकायचे. तिरपे सांधे नाहीत, चुकीला जागा कमी, लाकूड हलायला मोकळे. रूप कड्यांच्या मेजाइतके देखणे नसते आणि दोन बाजू सोडून बाकी सर्व काठांवर फळ्यांची उघडी टोके येतात. पण नवख्या सुताराने पहिले टेबल याच पद्धतीने करावे. कड्यांची पद्धत प्रसिद्ध झाली ती दिसायला सुंदर म्हणून, सोपी म्हणून नव्हे.

अष्टकोन आखण्याची रीत फार जुनी आहे. गोल खांब घडवताना सुतार आधी चौकोनी ओंडका अठपैलू करतो, मग सोळा पैलूंचा, मग गोल. दगडातही हाच क्रम चालत आला. भाजे लेण्यातल्या चैत्यगृहाचे खांब अठपैलूच आहेत. शिवलिंगाची शास्त्रोक्त घडणही खाली चौरस, मधे अष्टकोनी आणि वर गोल अशी सांगितलेली आहे. चौरसातून अष्टकोन काढण्यासाठी चौरसाचा अर्धा कर्ण दोरीवर किंवा कंपासात घ्यायचा आणि चारही कोपऱ्यांतून लगतच्या दोन-दोन बाजूंवर खुणा करायच्या. १४५ सेंमीच्या चौरसात हे माप १०२.५ सेंमी येते. मिळालेल्या आठ खुणा हेच अष्टकोनाचे कोपरे. यात कोन मोजावाच लागत नाही, म्हणून चूकही शिरत नाही. जमिनीवर किंवा प्लायवुडवर हा पूर्ण मापाचा अष्टकोन आखून ठेवला तर पुढचा प्रत्येक तुकडा त्यावर ठेवून पारखता येतो.

तिरप्या कापाचे मात्र तसे नाही. एका कड्यात आठ फळ्या आणि सोळा काप असतात. करवतीचा कोन अर्ध्या अंशाने चुकला तर ती चूक सोळा वेळा बेरजेत येते आणि शेवटच्या सांध्यात आठ अंशांची फट उघडते. अंशाच्या दहाव्या भागाइतकी चूक असली तरी १.६ अंश उरतातच. विजेच्या मायटर करवतीवर २२.५ अंशाची खाच बहुधा आयती असते. ती बरोबर आहे असे मानू नये. आधी टाकाऊ फळीचे आठ तुकडे कापून छोटे कडे जुळवून पाहावे. फट आतल्या बाजूला दिसते की बाहेरच्या, त्यावरून कोन कोणत्या दिशेला चुकला ते कळते.

हाताने काम करणाऱ्याकडे गुण्या आणि पट्टी असते. त्याच्यासाठी एक रूढ युक्ती आहे: काटकोनाच्या एका बाजूवर १२ आणि दुसरीवर ५ मोजून रेघ मारायची. येणारा कोन २२.६ अंशांचा असतो. एका सांध्याला तो चालतो, पण सोळा कापांत जवळजवळ दोन अंशांची तफावत पडते. त्याऐवजी २९ आणि १२ ही जोडी घेतली तर सोळाही कापांची एकूण चूक अंशाच्या तिसऱ्या भागाइतकीच राहते. २९ सेंमी आणि १२ सेंमी मोजायला वेगळे काही लागत नाही, तेव्हा हीच जोडी वापरावी.

तरीही थोडी चूक उरते. तीवर उत्तम तोड अशी की कडे एकदम आठ फळ्यांचे जुळवू नये. चार-चार फळ्यांची दोन अर्धी कडी करावीत, सांधे घट्ट बसवावेत आणि मग प्रत्येक अर्ध्या कड्याची दोन मोकळी टोके एका सरळ रेषेत आणून रंध्याने साफ करावीत. दोन सरळ कडा एकमेकींना भिडतातच. आधीच्या सर्व कापांची चूक त्या दोन सांध्यांत वाटली जाते आणि डोळ्यांना जाणवत नाही.

आता सांगाडा. मेजाखाली मध्यापासून आठ कोपऱ्यांकडे जाणारे आठ वासे असतात आणि बाकासाठी खालच्या पातळीवर तसेच आठ. ते बाजूंच्या मध्याकडे न नेता कोपऱ्यांकडे नेण्याची दोन कारणे आहेत. कड्यांचे सगळे तिरपे सांधे नेमके वाशावर येतात, त्यामुळे दोन्ही फळ्यांची टोके स्क्रूने पक्की करता येतात. दुसरे कारण बसणाऱ्याचे: वासे आणि पाय दोन माणसांच्या मधे येतात, कोणाच्या गुडघ्याला लागत नाहीत. लाकूड वाचवण्यासाठी चारच वासे ठेवले तर एकाआड एक सांधा अधांतरी राहतो आणि कोणी त्यावर हात टेकला की वाकतो.

आठ वासे मध्यात एकत्र कसे आणायचे, ही या टेबलाची खरी गाठ. प्रचलित पद्धतीत एक वासा आरपार अखंड असतो. त्याला काटकोनात दोन अर्धे वासे दोन्हीकडून भिडतात आणि उरलेल्या चार काटकोनांत चार तिरपे वासे घुसवतात. तिरप्या वाशांची टोके दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत कापून टोकदार केलेली असतात. लांब्या इथे सारख्या राहत नाहीत. ३८ मिमी जाडीचे लाकूड असेल तर मध्यापासूनच्या लांबीतून अर्ध्या वाशांना १९ मिमी आणि तिरप्या वाशांना २७ मिमी कमी करावे लागतात. हे विसरल्यामुळे सांगाडा वेडावाकडा झाल्याची उदाहरणे पुष्कळ. या पद्धतीत दुसरी अडचण छत्रीची. बरोबर मध्यातून अखंड वासा जातो, मग दांडा घालायचा कुठून?

यापेक्षा मध्यात एक अठपैलू ठोकळा घेणे अधिक शहाणपणाचे. त्याची प्रत्येक बाजू वाशाच्या जाडीइतकी, ३८ मिमी, धरली की ठोकळ्याची रुंदी ९२ मिमी होते. आठही वासे सारख्या लांबीचे, टोके सरळ कापलेली. प्रत्येक वासा ठोकळ्याच्या एका पैलूला भिडतो. ठोकळ्यातून छत्रीचे भोक आरपार जाते. वाशाच्या टोकात घातलेला स्क्रू लाकडाच्या रेषांना समांतर जातो, म्हणून त्याची पकड कमी असते. ती उणीव खालून गोल पोलादी पत्रा किंवा जलरोधक प्लायवुडची तबकडी बसवून भरून काढावी. खालच्या, बाकाच्या वाशांनाही अशीच तबकडी लावावी, कारण सगळा भार तिथूनच फिरतो.

पाय तिरपे असतात. वरचे टोक मेजाच्या वाशाला मध्यापासून ५० सेंमीवर आणि खालचे टोक जमिनीवर ९५ सेंमीवर असे धरले, तर पाय उभ्या रेषेपासून सुमारे ३२ अंश झुकतो आणि त्याची लांबी ८४ सेंमीच्या आसपास येते. वाटेत तो बाकाच्या वाशालाही भेटतो. दोन्ही वासे पायाच्या एकाच बाजूला ठेवावेत आणि प्रत्येक भेटीत १० मिमी जाडीचे, गोल डोक्याचे दोन-दोन बोल्ट घालावेत. एकच बोल्ट घातला तर तो बिजागरीसारखा वागतो. पायाची दोन्ही टोके जमिनीला समांतर कापायची असतात. एकदा कोन पट्टीवर पकडला की आठही पाय त्याच पट्टीवरून आखावेत.

लांबट पिकनिक टेबलाचा एक दोष सर्वज्ञात आहे: सगळे एकाच बाजूला बसले की ते कलंडते. अष्टकोनी टेबल या बाबतीत बरेच सुरक्षित असते. आठ पाय असतील तर बसलेल्या माणसाचा भार पायांच्या रेषेबाहेर जेमतेम ८ सेंमीवर पडतो, आणि टेबलाचे स्वतःचे दीडशे किलोंच्या घरातले वजन त्याला सहज तोलते. चार पायांच्या टेबलात शेजारच्या दोघांचा भार रेषेबाहेर सुमारे २२ सेंमीवर जातो. तेही उलटत नाही, पण ओल्या मातीत एक पाय खचला की धोका वाढतो. उलट बाजूही लक्षात घ्यावी. खडबडीत जमिनीवर आठ पाय कधीच एकाच वेळी टेकत नाहीत आणि टेबल डुगडुगते. आठ पाय हवेत तर खाली सपाट फरशी किंवा पेव्हर ब्लॉक हवेत.

आत शिरण्याचा प्रश्न बहुतेक आराखडे टाळतात. बाकाचे कडे अखंड असेल तर प्रत्येकाला पाय उंच करून बाक ओलांडावा लागतो. साडी नेसलेल्या बाईला, वयस्कर माणसाला, गुडघे दुखणाऱ्याला हे जमत नाही. निदान एका बाजूचा बाक गाळावा. तिथून चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसालाही मेजाशी येता येते. त्यासाठी मेजाखाली जमिनीपासून निदान ६९ सेंमी मोकळी उंची लागते, असे अमेरिकेतले सुलभतेचे निकष सांगतात. ७५ सेंमी उंचीच्या मेजात फळीची जाडी वजा जाता ७१ सेंमी उरतात, पण वासा मधे आला तर ती उरत नाही. वासे कोपऱ्यांकडे नेण्याचा लाभ इथेही होतो. बाक एका बाजूने तोडला की त्या दोन कोपऱ्यांचे वासे उघडे पडतात, म्हणून त्यांची टोके गोल करून घासावीत.

लाकडाचा हिशेब असा: मेजाच्या फळ्यांना ०.०६६ घनमीटर, बाकाला जवळजवळ तेवढेच, वासे आणि पाय मिळून ०.१०५; एकूण ०.२४ घनमीटर, म्हणजे साडेआठ घनफूट. तिरप्या कापांत वाया जाणारे धरून दहा घनफूट लाकूड घ्यावे. सागवान असेल तर टेबल १५५ किलोंच्या आसपास भरते.

सागवान हे उघड्यावरच्या कामाला उत्तम लाकूड, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पण सागवान म्हटले की सगळे टिकते असे नाही. टिकतो तो आतला गडद गाभा. सालीलगतचा फिकट भाग कोणत्याही झाडाचा असो, वाळवीला आणि बुरशीला सारखाच बळी पडतो. कमी वयाच्या लागवडीतल्या सागवानात हा फिकट भाग बराच असतो. वखारीत फळी घेताना तिच्या टोकाकडून रंग पाहावा. कोकणात तुळयांना वापरला जाणारा ऐन आणि देशावर बैलगाड्यांना लागणारी बाभूळ यांचाही सांगाड्यासाठी विचार करावा. ती लाकडे जड असतात, करवतीला कठीण जातात आणि वाळताना पिळतात, म्हणून नीट वाळवलेलीच घ्यावीत. अमेरिकेत रेड सीडर आणि रेडवुड ही हलकी, टिकाऊ लाकडे किंवा रसायन दाबाने मुरवलेले पाइन वापरतात.

त्या रसायनाचा इतिहास थेट भारताशी जोडलेला आहे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण लाकडात मुरवून ते टिकवण्याची पद्धत १९३३ मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत डॉ. सोंटी कामेसन यांनी शोधली, आणि पुढे जगभर तारेचे खांब, कुंपणे व उघड्यावरचे लाकूडकाम तिच्यावर उभे राहिले. आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती लाकडासाठी तिचा वापर थांबवण्यात आला. आता तांब्याच्या जास्त प्रमाणाची, आर्सेनिक नसलेली मिश्रणे वापरतात. जेवणाच्या मेजाच्या फळ्यांना आर्सेनिकचे लाकूड लावू नये, हे स्पष्टच आहे. जुन्या कुंपणाचे किंवा खांबाचे लाकूड स्वस्तात मिळाले तर मोह होतो. तो टाळावा, आणि असे लाकूड जाळूही नये. नव्या मिश्रणांतले तांबे साध्या जस्ताच्या मुलाम्याला खाते, तेव्हा त्यांच्यासोबत वितळलेल्या जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस बोल्ट लागतात.

सागवानालाही साधे लोखंड मानवत नाही. ओलाव्यात लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग पसरतात. स्टेनलेसच्या ३०४ प्रतीचे स्क्रू आतल्या भागात पुरतात. समुद्रकाठी, मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात, ३१६ प्रत घ्यावी. प्रत्येक स्क्रूसाठी आधी गिरमिटाने भोक पाडावे, कारण तिरप्या कापाजवळ फळी हमखास चिरते.

यापुढची गोष्ट ओलाव्याची, आणि अष्टकोनी टेबल बिघडते ते बहुतेक तिच्यामुळेच. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये हवेच्या आर्द्रतेवरून देशाचे चार विभाग पाडून लाकडात किती ओलावा चालेल ते सांगितले आहे, यावरून विषयाचे महत्त्व कळावे. उन्हाळा आणि पावसाळा यांत लाकडातला ओलावा आठ टक्क्यांनी बदलला तर १४० मिमीची सागवानी फळी सुमारे २ मिमीने फुगते किंवा आकसते. पाइन याहून जास्त. सरळ ठेवलेल्या फळीत हे फट सोडून निभते. तिरप्या सांध्यात मात्र लांबी तीच आणि रुंदी बदललेली, म्हणून काप २२.५ अंशांचा राहतच नाही. फळ्या आकसल्या की सांधा आतल्या बाजूला उघडतो, फुगल्या की बाहेरच्या. विदर्भात मे महिन्यात जुळवलेले घट्ट कडे ऑगस्टमध्ये बाहेरून फाकते.

यावर चिकटपट्टी किंवा सरसाचा इलाज चालत नाही. सागवानातल्या तेलामुळे सरस मुळात नीट धरत नाही, आणि धरला तरी ताण दुसरीकडे जाऊन फळी चिरते. कसबी सुताराचा हात घट्ट, केसभरही फट न दिसणाऱ्या सांध्याकडे ओढला जातो. उघड्यावरच्या मेजात तो मोह आवरणे हेच कसब. प्रत्येक तिरप्या सांध्यात मुद्दाम ३ ते ४ मिमीची सारखी फट सोडावी. सारखी फट नक्षीसारखी दिसते, तिच्यातून पाणी निथळते आणि सांध्याला हलायला जागा राहते. ती राखण्यासाठी त्याच जाडीच्या पट्ट्या दोन फळ्यांत धरून स्क्रू पिळावेत आणि मग पट्ट्या काढून घ्याव्यात.

पाणी सर्वांत वेगाने शिरते ते कापलेल्या टोकांतून. बाजूंच्या मानाने टोके कितीतरी पट जास्त पाणी शोषतात. पाच कड्यांच्या मेजात अशी ८० टोके असतात आणि दोन फळ्यांच्या बाकात ३२. लांबट टेबलात दोन-तीन डझन. अष्टकोनी टेबल लवकर कुजते अशी तक्रार असते, तिचे कारण या संख्येत आहे. म्हणून प्रत्येक टोकाला जोडणीपूर्वीच दोन-तीन वेळा तेल पाजावे किंवा पातळ मेण लावावे. जोडणी झाल्यावर आतली टोके हाती लागत नाहीत. पायांची खालची टोके याच कारणाने रात्रभर तेलात उभी ठेवणारे सुतार असतात, आणि ते बरोबर करतात. पाय मातीत पुरू नयेत. फरशीवरही प्लास्टिकची किंवा रबराची चकती खाली ठेवावी.

वरच्या लेपाबाबत मतभेद आहेत. चकचकीत वॉर्निशने नवे टेबल देखणे दिसते, पण उन्हात त्याचा पापुद्रा तडकतो, पाणी त्याखाली शिरते आणि अडकून बसते. पुढच्या वर्षी सगळे खरवडून काढणे भाग पडते, तेही ११२ टोकांसकट. तेल लाकडात मुरते आणि वर थर धरत नाही. ते दरवर्षी लावावे लागते, पण लावायला एक सकाळ पुरते. काहीच न लावलेले सागवान उन्हाने करडे पडते. तो रंग वरवरचा असतो, ताकद त्याने कमी होत नाही, आणि कित्येकांना तोच आवडतो. ज्या फडक्याने अळशीचे तेल पुसले ते चुरगाळून ठेवू नये. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून उघड्यावर पसरून वाळवावे.

जोडणीचा क्रम सांगाडा, पाय, बाक, मेज असा ठेवावा. बाकाच्या वाशांची चौकट जमिनीवर उलटी ठेवून पाय लावले की तोल तपासणे सोपे जाते. फळ्या ठोकण्यापूर्वी समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या चारही जोड्यांचे अंतर मोजावे. चारही मापे आपापसांत आणि शेजारशेजारच्या कोपऱ्यांतली आठही अंतरे आपापसांत सारखी आली तर सांगाडा खरा अष्टकोन आहे, एखादे ५ मिमीने वेगळे आले तर बोल्ट सैल करून तिथेच सुधारावे. मग बाहेरचे कडे आधी बसवून आत यावे, म्हणजे उरलीसुरली चूक मधल्या छोट्या अष्टकोनात जिरते आणि तो जागेवर मापून कापता येतो.

पहिला पावसाळा संपल्यावर, लाकूड वाळून आकसले की, सर्व बोल्ट एकदा आवळावेत. पुढे ते वर्षातून एकदा पुरते. एखादी फळी कुजली तर तिचे चार स्क्रू काढून तीच बदलता येते, शेजारच्या फळ्यांना हात लावावा लागत नाही. तेवढ्यासाठी मूळ मापांची यादी आणि २२.५ अंशांची एक लाकडी पट्टी टेबलाच्या खालच्या बाजूला, मधल्या ठोकळ्याजवळ अडकवून ठेवावी.